भिंगरीची शिकवणी

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धरणाच्या कामावर निघताना तू म्हणाला होतास, भिंगरी म्हणजे गुणी पोर, कोपऱ्यात पडून राहील, ताईला कळणारसुद्धा नाही. या गुणी पोरीनं माझ्याकडे शिवायला आलेला हॉटेलच्या पडद्यांचा अख्खा तागा फाडला आणि त्याच्यावरच ताणून दिली. शिलाई मशीनचा पट्टा चावून ठेवला तो वेगळाच. मी रागावले की शेपटी हलवते. आता हिच्यावर ओरडायचं तरी कसं?

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरण्या कुत्र्याला काम नसलं की ते तुमचं काम वाढवतं, हिला कुत्र्यांच्या उड्यांच्या वर्गाला घाला. म्हणून काल घातली. बंद पडलेल्या बस आगाराच्या शेडमध्ये संध्याकाळी वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टन म्हणतात. का म्हणतात ते त्यांनी तोंड उघडल्याबरोबर कळलं. पहिल्या दिवशी उडी नाहीच. दांडे जमिनीवर मांडलेले, कुत्र्यानं ते नुसते ओलांडायचे आणि मालकानं हात पुढे करून शेजारून पळायचं. कॅप्टन म्हणाल्या, कुत्री लवकर शिकतात, वर्ग खरा मालकांचा आहे. या वयात मी पळाले रे! साडी खोचून!

कापडी बोगद्यात मात्र भिंगरी जाईना. कॅप्टननी मला पलीकडच्या तोंडाशी वाकून हाक मारायला सांगितलं. शेवटी मीच अर्धी आत शिरले. वर्गाला आपला कुत्रा घेऊन येणाऱ्या बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. भिंगरी बाहेरच.

जेवणाची आबाळ करू नको. उंचावर काम करताना पट्टा बांधत जा.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून एकटाच इतका हसलो की खोलीतल्या वेल्डरला वाटलं मला डोंगराची हवा बाधली. तुझं बोगद्यातलं दर्शन चुकलं याचं फार दुःख आहे.

पण ताई, भिंगरी भित्री नाही. नाल्यातून उचलून आणली तेव्हा खिशात मावत होती आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोक्यावर धावून गेली होती. चुकतंय ते तुझ्याकडून. तू तिला पाहुण्यांना चहा विचारावा तसं विचारत असशील. जरा ठणकावून सांग.

इथे जेवणाच्या सुट्टीत मी उरलेल्या पाइपाचा उडीचा दांडा केलाय, खालीवर करता येतो. सामानाच्या ट्रकबरोबर पाठवतो. घरी सराव घे. मी येईन तेव्हा तिच्या गळ्यात पदक पाहिजे. कॅप्टनसाहेबांना सलाम.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

ठणकावून पाहिलं. काही फरक नाही. बेकरीवाल्याचा तो पिंपासारखा कुत्रा आता टुणकन उडी मारतो आणि आपली भिंगरी दांड्यांना धडकते. एकदा दांड्यासकट आडवी झाली. उठली, अंग झटकलं आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहायला लागली, बरोबर केलं ना, अशी. माझा जीव अर्धा झाला.

वर्ग संपल्यावर कॅप्टननी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, शेडच्या दाराशी उजेड आहे तिथे ही नीट उडते, आत अंधारलं की धडकते. घरी संध्याकाळी जिन्यावर अडते का, असं त्यांनी विचारलं. अडते. मला वाटायचं, कडेवर घ्यावं म्हणून लाड करून घेते. कॅप्टन आवाज खाली आणून म्हणाल्या, डोळे दाखवून घ्या. त्यांचा आवाज खाली येतो हेच मला आवडलं नाही.

पुढचं चार दिवसांनी लिहिते आहे. पत्र टाकवलं नाही.

डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. जन्मतःच असतो हा दोष. आधी अंधारातलं जातं, मग उजेडातलं. मी विचारलं, थेंब? नाही. ऑपरेशन? नाही. बरं, खाण्यात काही? तरुण डॉक्टर आहेत, बिचारे खाली बघून म्हणाले, दुखत नाही तिला, एवढंच माझ्या हातात आहे सांगायला. किती दिवस दिसेल, ते त्यांनाही सांगता येईना. वर्षही जाईल, कदाचित तेवढंही नाही.

घरी आले तर दाराशी तुझा दांडा येऊन पडलेला. किती सुबक केलायस. मी तो कपाटामागे उभा करून ठेवलाय.

मी काय करू सांग. नाही, सांगू नको. तू तरी काय सांगणार.

ताई

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

दुसऱ्या डॉक्टरला दाखव. मोठ्या शहरातल्या दाखव. माणसांच्या डॉक्टरला विचार.

वरच्या ओळी कालच्या आहेत. खोडत नाही, पण त्यांना काही अर्थ नाही हे मला कळतं. साहेबांकडे रजा मागायला गेलो. टर्बाइन उघडून पडलाय, बदली माणूस आल्याशिवाय मला सोडता येत नाही म्हणाले. कारण काय, असं विचारलं. मी म्हणालो, घरात आजारपण आहे. कोण, म्हणाले. ताई, कुत्री असं माझ्या तोंडून निघेना. ते हसले असते तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. तसाच परत आलो.

बिघडलेलं यंत्र समोर आलं की मी उघडून बसतो, आजवर काही ना काही सापडत आलंय. इथे उघडायलाच काही नाही.

तिला वर्गातून काढ. उगाच मार लागेल.

बारक्या

६ मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

वर्गातून काढायलाच गेले होते. कॅप्टननी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आता तर खरी गरज आहे, दिसतंय तोवर शब्द शिकून घेऊ दे. त्यांनी तिच्यासाठी दांडे पुन्हा जमिनीवर आणले. चढ आला की मी ‘वर’ म्हणायचं, उतार आला की ‘खाली’, आणि धोका असला की ‘थांब’. माझा घसा बसलाय. ‘थांब’ मात्र पक्कं झालं. जिथे असेल तिथे पाय रोवून उभी राहते.

वर्गात सगळे तिच्याशी फार प्रेमानं वागतात. बेकरीवाला येता-जाता डोळे पुसतो. मला ते बघवत नाही. तिला काय झालंय ते तिला सोडून आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांत आनंदात तीच असते.

परवा भर दुपारी उंबऱ्याला अडखळली. ऊन होतं रे.

बदली माणसाचं काय झालं? घाई कर असं म्हणणार नव्हते. पण घाई कर.

ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचलो. बदली माणूस आल्यावर घरी यायला मिळालेली ती चार दिवसांची रजा मला मिळून न मिळाल्यासारखी झाली. एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही, इथून लिहितो.

घरी आलो त्या दिवशी मी फाटकापाशी बराच वेळ उभा होतो. हाक मारली नाही. भिंगरी अंगणात होती, चांगला उजेड होता. तिनं मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि खांबाकडे पाहावं तसं पाहून पुढे गेली. मग वारा फिरला आणि तिला माझा वास लागला. कशी धावत आली ते तू दारातून पाहिलंस. अंदाज चुकून माझ्या गुडघ्यावर आपटली आणि तरी शेपटी थांबेना. तू म्हणालीस, बघ, बरोबर ओळखलंन. मी हो म्हणालो. त्याच्या आधीची तिची नजर तू पाहिली नव्हतीस.

निघताना तू तिला घेऊन फाटकात उभी होतीस. माझा ट्रक डावीकडे वळला आणि ती उजवीकडे, दुसऱ्याच एका गाडीच्या आवाजाकडे तोंड करून, कान टवकारून शेपटी हलवत राहिली. मी काच खाली केली होती. तोंडापर्यंत हाक आली होती. पण मारली असती तर ती तुझ्या हातून सुटून रस्त्यावर, गाड्यांमध्ये, माझ्या आवाजामागे धावली असती. म्हणून गप्प बसलो. वळणापर्यंत ती तिकडेच बघत होती.

तिला वर्गाला नेत जा. घसा सांभाळ. तुम्हां दोघींवर माझी माया आहे, ती इथून जेवढी पोचेल तेवढी पोचती करून घे.

तुझा,
बारक्या