गडगड्याने फोडलेल्या काचा

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायाशी वाकून नमस्कार. (जेवढं वाकता येतं तेवढंच. डावा गुडघा सुजला आहे, त्याची हकीकत ओघात येईल.) तुमची पाठ कशी आहे? कटिंग मशिनवर ओणवे उभे राहू नका असं मामी म्हणाल्या की तुम्ही मुद्दाम आणखी ओणवता, म्हणून मी त्या विषयात पडत नाही. मामींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. त्यांना सांगा, मी दोन वेळा जेवतो, रोज अंघोळ करतो आणि चार महिने झाले तरी एकाच नोकरीवर आहे. यातलं तिसरं त्यांना पटणार नाही, पण तुमच्या तोंडून ऐकलं तर निदान अर्धं पटेल.

मागचं पत्र टाकलं तेव्हा मी पाण्याच्या टाक्या धूत होतो. त्यानंतर सामान हलवणाऱ्या ट्रकवर दोन महिने काढले (कपाटं बनवणाऱ्या लोकांनी जिना कधी बघितलेलाच नसतो, हे तिथे कळलं) आणि तिथून एका रंगाऱ्याच्या हाताखाली लागलो. त्याने मला एका ऑफिसात भिंत रंगवायला पाठवलं. ही कंपनी व्हिडिओ गेम बनवते. मोठी खोली, लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला कंपनीचे मालक. ते कितीही उकडलं तरी डोक्यावरची लोकरी टोपी काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना टोपीसाहेब म्हणतात. दुसऱ्या टोकाला खेळाचा सगळा प्रोग्राम लिहिणारी बाई. तिला सगळे ताई म्हणतात, टोपीसाहेबसुद्धा, आणि ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. मी शिडीवर, हातात रोलर. आणि खाली कडाक्याचा वाद चाललेला, की गडगड्या ओरडायच्या आधी श्वास घेतो की नाही.

आता गडगड्या कोण, हे तुम्हाला सांगायला हवं. 'मी पुस्तकं बांधतो, वाचत नाही. बाइंडर वाचायला लागला की पानं उलटी लागतात,' असं तुम्ही जन्मभर सांगत आलात, तेव्हा तुम्हाला माहीत नसणारच. तर गडगड्या हा कॉमिक्समधला महावीर. त्याचा आवाज असा की एक आरोळी ठोकली तर पूल कोसळतो. म्हणून बिचारा एरवी कुजबुजतो. दुकानात साबण मागितला तरी दुकानदार तीनदा 'काय?' म्हणतो. एकूण साठ अंक निघाले, त्यातले चौपन्न मी कोळून प्यायलो आहे. मग मला गप्प बसवेल का? मी वरूनच म्हटलं, "घेतो ना श्वास. सातव्या अंकात घेतला नव्हता, तर ठसका लागला त्याला."

टोपीसाहेब म्हणाले, "तू कोण?"

"रंगारी."

"मग रंगव."

"रंगवतोय. पण श्वास घेतो, तोही असा," म्हणून मी छाती भरून दाखवली, एक पाय मागे टाकला, आणि मागे शिडी नव्हती. (हा तो गुडघा. बरा झाला होता, परवा टेबलाला आपटून पुन्हा सुजला.) डबा टेबलावर, रंग टोपीसाहेबांच्या कागदांवर, मी फरशीवर. पण मामा, बोलणं थांबवलं नाही. उठवायला आलेल्या माणसाला म्हटलं, जरा थांबा, मुद्दा पुरा करू द्या.

मतं माझ्याकडे भरपूर आहेत, हे तुम्ही जाणताच. आरोळीने पूल पाडणारा माणूस खेळात एका लाकडी दारापाशी येऊन उभा राहतो आणि खेळ सांगतो, किल्ली शोधा. कशाला किल्ली? ओरड की मेल्या! कॉमिकमध्ये समुद्र पोहून जातो, खेळात गुडघाभर पाण्यात पडला की मेला. जखमी झाला की रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातून बाटली काढून पितो आणि टवटवीत होतो. मामींनी हे बघितलं तर त्याला नळाखाली धरतील. कॉमिक्सवालेही काही कमी नाहीत. मेलेला महावीर तीन अंकांनी परत येतो आणि त्याच्या घरचं कुणी विचारत नाही, की बाबा, इतके दिवस होतास कुठे? (मी सहा महिन्यांनी आलो तर मामी चपला काढायच्या आधी उलटतपासणी घेतात.) त्या पाठीवरच्या केपबद्दल तर बोलायलाच नको. तसला लोंबता कपडा घालून कुणी तुमच्या मशिनजवळ आला असता तर तुम्ही त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. एका बाबतीत मात्र मी खलनायकाच्या बाजूने आहे. बांधलेल्या नायकासमोर तो चार पानं आपला बेत सांगत बसतो, याला लोक हसतात. अरे, त्याने दहा वर्षं तळघरात एकट्याने बसून यंत्र बनवलं, कुणाला तरी दाखवावंसं वाटणार नाही का त्याला?

एवढं झाल्यावर मी म्हटलं, "पण गडगड्या या सगळ्यांच्या वर. का? तर काचा."

"कसल्या काचा?" ताई म्हणाली.

मला तिची कीव आली. खेळ करायला बसली आणि काचा माहीत नाहीत! मग मी सांगितलं. गडगड्या ओरडला की गावभर खिडक्यांच्या काचा फुटतात. बाकीचे महावीर लढाई संपली की उडून जातात. गडगड्या दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत काचा आणि हातात लांबीचा, म्हणजे काच पक्की करायच्या पुट्टीचा, डबा घेऊन घरोघर जातो, दार वाजवतो आणि कुजबुजतो, 'माफ करा, काल मीच.' माप घेतो, काच बसवतो, कडेची लांबी अंगठ्याने दाबतो. एक म्हातारी तर दरवेळी आधीच फुटलेली खिडकी त्याच्या नावावर खपवते आणि तो ती ओळखूनही बसवून देतो. प्रत्येक अंक असा संपतो. ओरडणं कुणालाही येतं, साहेब, पण दुसऱ्या दिवशी माप घ्यायला कोण येतं?

भिंत अर्धीच राहिली, ती अजून अर्धीच आहे. मला त्याच दिवशी ठेवून घेतलं, कामाचं नाव 'गडगड्याचे जाणकार'. (मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस जाणकार झाला, हे माझ्या शाळेच्या हेडमास्तरांना कुणाकरवी तरी कळवा.)

पुढचे तीन महिने ताईने काचा बनवल्या. लढाई संपली की खेळणाऱ्याने घरोघर जाऊन माप घ्यायचं, काच कापायची, बसवायची. टोपीसाहेब कुरकुरत होते, "लोक मारामारीसाठी खेळ घेतात, सुतारकामासाठी नाही." मी म्हटलं, "सुतारकाम लाकडाचं, साहेब." पण खेळ तपासणारे आठ जण बसवले तर काय झालं? लढाई भराभर उरकून सगळे काचांकडे पळाले. एक दांडगा दाढीवाला माणूस तर मुद्दाम जोरात ओरडून जास्त काचा फोडायचा, म्हणजे जास्त बसवायला मिळतील. त्या म्हातारीच्या दारात तो पाऊण तास बसला होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, पण तो म्हणाला, स्क्रीनमुळे.

आणि गेल्या सोमवारी गडगड्याच्या मूळ चित्रकाराची मुलगी आली. चित्रकार आता नाहीत. गडगड्या तिच्या मालकीचा, तिची सही नसेल तर खेळ नाही. साठीची बाई, तोंडाने फटकळ, दोन पिशव्यांत साठही अंक कोरे करकरीत घेऊन आली. काचांचा भाग खेळली, थांबली, म्हणाली, "हे कुठून आणलंत?" टोपीसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, "आमच्या मामांनी बांधलेला खंड तिसरा, पान एकशे सत्तावीस. हवं तर पाठ म्हणून दाखवतो." बाईने एकेक अंक काढून टेबलावर ठेवला. "दाखव."

मी पहिल्या अंकाचं शेवटचं पान उघडलं. गडगड्या ढगांतून उडून चाललाय, खाली शहर फुटकंतुटकं. दुसरा अंक, तेच. पाचवा, अकरावा, तेच. त्या शेवटच्या पानामागे एक कूपन होतं: कापून पाठवा आणि गडगड्याचा बिल्ला मिळवा. मामा, आपले अंक रद्दीतून आलेले. ज्याच्या त्याच्या घरी पोरांनी ते पान कूपनासाठी कापलेलं. म्हणजे आपल्या एकाही अंकाला शेवट नव्हता. मग माझ्या खंडात तो होता कसा?

लहानपणी मला वाटायचं, शेवटी शेवटी कंपनीचे रंग संपत असतील, म्हणून शेवटचं पान निळ्या बॉलपेनने काढतात. त्या पानावर गडगड्या चष्मा कपाळावर चढवायचा, याचंही नवल वाटलं नाही. मांडी घालून बसायचा, पाठीला हात लावून उठायचा. काचेच्या कडेला लांबी दाबायचा तो अंगठा तर पुठ्ठ्याच्या कडेला खळ दाबणाऱ्या माणसाचा होता. चौपन्न अंक, चौपन्न शेवट. आणि मी समोरच्या बाकावर बसून वाचत असताना तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "डोळे फुटतील. ठेव ते."

मी तिथे गप्प झालो. (ताईने तारीख लिहून ठेवली आहे.) मग बाईला खरं ते सांगितलं. ती अंक पिशवीत भरत म्हणाली, "माझ्या वडिलांच्या नावावर दुसऱ्याचं काम मी खपवू देणार नाही. ज्याने काढलं त्याने कबूल करावं, त्याचं नाव खाली येईल, तर राहील. नाहीतर शुक्रवारी काचा काढून टाका." टोपीसाहेब म्हणाले, काचा गेल्या तर जाणकारही गेले. म्हणजे मी. पण तुम्ही घोर लावून घेऊ नका, मला नोकऱ्यांची सवय आहे. सहज खुशाली कळवावी म्हणून पत्र टाकलं, दुसरं काही नाही.

मामींना नमस्कार, मशिनला हात जपून लावा.

तुमचा, अजून तरी एकाच ठिकाणी असलेला
भाचा

ता. क. सोबत एक कागद आहे. त्यावर 'ही चित्रं मी काढली' एवढंच लिहून सही करायची. तुम्ही म्हणाल, मी पुस्तकं वाचत नाही. वाचल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा तपासलं आहे. नोकरीसाठी म्हणत नाही, मामा. नोकरी दुसरी मिळेल. पण त्या दाढीवाल्याला 'हे कुणाचं डोकं?' असं विचारायचं होतं आणि मला 'माहीत नाही' म्हणायला जमलं नाही.

ता. क. २. सही झालेला कागद इथे पोचेपर्यंत उशीर होईल, म्हणून बाई आणि ताई खंड बघायला गुरुवारी स्वतःच दुकानात येत आहेत. पत्ता मी दिला. रागावू नका, बनियनवर बसू नका, आणि 'ते काही नाही, असंच रेघोट्या' असं म्हणू नका. मामींना मी आधीच फोनवर सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "मला पहिल्या अंकापासून माहीत आहे, दिव्याचं बिल कोण भरतं?"

ता. क. ३. चौपन्नाच्या पुढचे सहा अंक बांधायचे राहिले, कारण मी तेव्हा न सांगता घरातून निघून गेलो. बाईकडे साठावा आहे. ती शेवटचं पान दाखवत होती, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ते सहा अंक तुमच्या फळीवर असतील तर शेवट काढून ठेवा. मी रविवारी येतो. आधी तुमचा बघेन.