हेदीच्या गाडीत मी ओतलेलं तेल

मी, रिधा बिन ताहर गुर्बाल, वय पंचाहत्तर, धंदा गिअरबॉक्स दुरुस्ती, राहणार ग्रेम्दा रस्ता, स्फाक्स, अल्लाचं नाव घेऊन हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो म्हणून अक्षर वाकडं आलं आहे, त्यावरून कोणी बुद्धीचा अंदाज बांधू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी बासमा मागे लागली हे खरं, पण तिला दबाव म्हणत नाहीत.

कलम १. राहतं घर आणि अंगण बासमाला. ती माझं एकुलतं एक अपत्य, तेव्हा मी न लिहिताही ते तिचंच आहे. अंगणातली बदामाची झाडं माझ्या मरहूम पत्नीने, नजातने लावलेली आहेत, ती तोडू नयेत. पोस्टातल्या शिलकीतून दफनाचा खर्च करावा आणि चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला कुसकुस मासळीचा करावा.

कलम २. माझा मोठा जॅक मेहुणा शाझली याने १९९१ साली दोन दिवसांसाठी नेला, आणि आता तो मुळात त्याचाच होता असं सांगतो. मी तो त्याला दिला. फक्त त्याने एकदा, कहवाखान्यात चार माणसांसमोर, जॅक रिधाचा होता एवढं म्हणावं.

कलम ३. पाने, पुलर आणि पितळी हातोडी बासमाला. ती शाळेत गणित शिकवते, पण बोनेट उघडायला तिला कोणी लागत नाही. तिच्यासाठी लिहितो. गिअर खरखरला की लगेच गिअरबॉक्स उतरवू नये. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबावा, तीन आकडे मोजावेत आणि रिव्हर्स टाकावा. तेव्हाही खरखरला तर क्लच नीट सुटत नाही, केबल ताणून बघावी. रिव्हर्स मुकाट पडला आणि चालत्या गाडीत एकच गिअर ओरडत असला, तर त्या गिअरचं पितळी कडं झिजलं आहे. दोन दातेरी चाकांचा वेग हे कडं सारखा करून देतं, मगच दातात दात बसतो. पण कड्याला हात लावण्याआधी तेल काढावं, बोटांवर चोळावं, त्याचा वास घ्यावा. हे मी अम्मारकडून शिकलो.

कलम ४. अम्मार बिन यूसुफ शफ्फार हा माझा भागीदार. १९७३ ते १९८४, अकरा वर्षं आम्ही एका शटरखाली काम केलं. सकाळी ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवून खायचो आणि वळणावरून येणाऱ्या गाडीचा कोणता गिअर ओरडतो ते कानाने ओळखायचो. "तिसरा," तो म्हणायचा. "दुसरा," मी म्हणायचो. गाडी दारात येईपर्यंत चहा थांबायचा. बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं. जिंकल्यावर तो माझ्या ताटातला शेवटचा पाव उचलायचा. तेवढं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

१९८४ च्या मोठ्या ईदच्या आदल्या दिवशी हेदी दारात उभा होता. तो इथून गाबेस शहरापर्यंत भाड्याची टॅक्सी चालवायचा. तिच्या गिअरबॉक्सला अम्मारने दोन दिवस बसून नवी कडी घातली होती. मग तो मेंढा आणायला गेला. तेल भरणं माझ्याकडे राहिलं. गिअरबॉक्सचं तेल संपलेलं, दुकानं बंद. फळीवर मागच्या आसाचं जाड तेल होतं, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. ते पितळ खातं हे मला माहीत होतं. हेदीला माणसं घरी पोहोचवायची होती. ईद झाली की बदलू, असं मनाशी म्हणून मी ते ओतलं आणि विसरलो.

तीन महिन्यांनी गाबेसच्या वाटेवर, मेहरेसच्या पुढे गाडीने मान टाकली. पहिला सोडून एकही गिअर पडेना. गाडीत नर्सच्या परीक्षेला निघालेली एक मुलगी होती. तिची परीक्षा हुकली.

"कोणाचा हात लागला होता याला?" हेदी रस्त्यातूनच ओरडत आला. "त्या पोरीचं वर्ष गेलं! ती मागे बसून रडतेय आणि मी पहिल्या गिअरमध्ये रांगतोय!"

अम्मार म्हणाला, "कडी मी बसवली. नवी होती. उघडून बघू."

मी परात लावून तेल सोडलं. तेलात पितळेची चमक होती आणि वास सगळ्या दुकानात पसरला. शेजारचे लोक जमले होते. मी म्हणालो, "घाईत बसवली असतील त्याने. ईद होती ना."

अम्मारने परातीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार असं मला वाटलं.

"हो," तो म्हणाला, "ईद होती."

त्याने हात धुतले आणि निघून गेला. शहरात त्याच्याकडे पुन्हा कोणी गिअरबॉक्स नेला नाही. तो केर्केना बेटावर सासऱ्याकडे मासेमारी करायला गेला. ईदच्या मटणातला त्याचा वाटा नजात दरवर्षी बोटीने पाठवायची. मी पाहिलं नाही असं दाखवायचो.

यंदा बासमाने जुनी गाडी घेतली. तिचा दुसरा गिअर खरखरत होता. माझ्या हातात आता पाना ठरत नाही, म्हणून मी विकून टाक म्हणालो. ती सुट्टीला बेटावर गेली आणि गाडी गप्प होऊन परत आली.

"तिथे एक म्हातारे काका आहेत, बाबा. त्यांनी नुसतं ऐकून सांगितलं. पैसे घेतले नाहीत. तुमचं नाव ऐकलं आणि तुमची तब्येत विचारली. कोण ते?"

मी सगळं सांगितलं. तिने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? लिहा. तुमच्या सहीने."

म्हणून लिहिलं. दोष माझा होता. अम्मारचा नव्हता.

कलम ५. कायद्याने ज्या एक तृतीयांशावर माझी इच्छा चालते, त्यातून दुकानाचा गाळा अम्मारला द्यावा.

कलम ६. हे दहा दिवसांनी जोडतो. आज बासमाने मला आणि शाझलीला बोटीने बेटावर आणलं. अम्मार धक्क्यावर खजुरीच्या फांद्यांचा मासे धरायचा सापळा विणत बसला होता. मी कागद त्याच्या हातात दिला आणि उभा राहिलो. त्याने कलम चार दोनदा वाचलं.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारलं.

"एक शाझली. दुसरा अजून शोधायचाय."

"मी करतो."

"तुला करता येणार नाही. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. शाझली म्हणतो जॅक मुळात त्याचाच, म्हणून तो चालतो."

"मग माझ्या नावाचं कलम काढ."

"अम्मार, अरे, दुकान तुझ्या हक्काचं आहे."

"दुकान घेतलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला दुकानासाठी लिहायला लावलं. सही केली तर म्हणतील, खरं होतं." त्याने पेनासाठी हात पुढे केला. "सदतीस वर्षं लावलीस, रिधा. आता आणखी वेळ घालवू नकोस. काट ते."

मी सगळ्यांसमोर कलम पाच रद्द केलं. गाळाही बासमाला. साक्षीदारांची नावं मीच लिहून ठेवली होती. अम्मारच्या नावापुढे मी 'मच्छीमार' लिहिलं होतं. सही करण्याआधी त्याने तो शब्द खोडला आणि आपल्या हाताने दुसरा लिहिला. ती खाडाखोड माझ्या संमतीने आहे.

ठिकाण: रमला धक्का, केर्केना
तारीख: २३ ऑक्टोबर २०२१

लिहून देणार: रिधा बिन ताहर गुर्बाल

साक्षीदार पहिला: शाझली बिन अली कम्मून, कहवाखाना चालक

साक्षीदार दुसरा: अम्मार बिन यूसुफ शफ्फार, गिअरबॉक्स मिस्त्री