निघताना म्हणायचा शब्द

रेडिंग,
९ नोव्हेंबर १९३१

ती. थर्झाताईस,
राल्फचा सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. डावा उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे. लेकासाठी, कथबर्टसाठी विणताना तुझं असं कधी होत नाही, भावाच्याच वेळी कसं होतं? असो, पाय ऊबदार आहेत.

एक काम आहे. शाळा सांभाळून मी इथल्या एका मंडळासाठी आपल्या उत्तरेकडचे शब्द गोळा करतोय. आमचे चिटणीस जन्माचे दक्षिणेकडचे. त्यांनी ‘कॅनी’ या शब्दापुढे ‘सावध’ एवढंच लिहून ठेवलंय. मी म्हटलं, बहिणीला विचारतो, ती दिवसभर हा शब्द बोलते आणि एकदाही सावध नसते. तेव्हा गल्लीत तो कसकसा वापरतात ते जसंच्या तसं लिहून पाठव.

दाजींची पाठ कशी आहे? कथबर्टने काढलेलं कोंबड्याचं चित्र मी भिंतीवर लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, हा चित्रकार कोण.

लोभ आहेच, मोज्यांसारखा कमी-जास्त होऊ देऊ नकोस.

तुझा,
राल्फ


हेदरबर्न,
२२ नोव्हेंबर १९३१

चि. राल्फ यास,
अ. उ. आ.

शिकून शहाणा झालास आणि आईच्या दुधाबरोबर प्यायलेला शब्द मला विचारतोस! घे, लिहून घे.

माणूस भला असला की तो कॅनी. कोबी बऱ्यापैकी आला की कॅनी आला. तापातून उठलेल्याला हळूहळू चाल म्हणायचं तर कॅनी. कोळशाच्या खाणीचा साहेब मात्र हाच शब्द शिवीसारखा वापरतो. त्याच्या मते आमचे पुरुष मुद्दाम कॅनी काम करतात, म्हणजे अंग चोरतात. त्याने एकदा खाली उतरून बघावं.

आणि खरा वापर पहाटेचा. पुरुष पाळीला निघाला की दारात ‘ये हं’, ‘जा हं’ काही म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘गॅन कॅनी’. जपून जा. त्याने उत्तर द्यायचं नाही, वळून बघायचं नाही, आणि काही विसरलं तरी माघारी यायचं नाही. हे तुला आठवत असेलच.

नव्या पाद्रींच्या पत्नीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या परवा भल्या पहाटे फिरायला निघाल्या. पाळीवर जाताना वाटेत बाई भेटली, म्हणजे अपशकुन. अर्धी पाळी तिथूनच घरी परतली. बाई प्रत्येकाला हसून सुप्रभात म्हणत होत्या. साहेब नुसता धुमसत होता. हे म्हणाले, बाईंना कुणीतरी सांगा, कॅनी फिरा म्हणावं. हसताना यांची पाठ पुन्हा धरली.

पाठीचं तेवढं चांगलं नाही. हे पडून आहेत आणि घर कथबर्टच्या खाणीतल्या पाळीवर चाललंय. त्याचे हात आता चित्र काढताना थरथरतात.

आमची आठवण ठेव, आणि तुझ्या चिटणिसांना एकदा इकडे पाठव.

तुझी,
थर्झा


रेडिंग,
१७ जानेवारी १९३२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं. पाद्रीबाईंच्या गोष्टीला चिटणीससुद्धा हसले.

आता महत्त्वाचं. इथल्या छापखान्याच्या मालकांनी कोंबडा पाहिला. त्यांना चित्रांचे ठसे कोरायला शिकाऊ हवाय. राहणं-जेवणं माझ्याकडे. कथबर्टला लगेच पाठव. ताई, त्याला त्या भोकातून बाहेर काढायची दुसरी संधी येईल असं मला वाटत नाही. दाजी रागावतील तर माझं नाव सांग.

उत्तराची आणि भाच्याची वाट पाहतोय. माया असू दे.

तुझा,
राल्फ


हेदरबर्न,
३ फेब्रुवारी १९३२

चि. राल्फ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र कथबर्टने इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. हे रागावले नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, जाऊ दे पोराला.

अडवलं मीच. डॉक्टर म्हणतात, ईस्टरपर्यंत हे कामावर जातील. तोवर पोर गेलं तर खोली खाणीच्या मालकीची, ती रिकामी करून मागतील. शिवाय ऐन थंडीत परगाव नको, त्याची छाती नाजूक. घाई कशाला? ईस्टरनंतरच्या सोमवारी तो तुझ्या दारात उभा असेल. मालकांना तेवढं थांबायला सांग. मी त्याचा सदरा शिवायला घेतलाय, आणि यावेळी दोन्ही बाह्या मोजून घेतल्यात.

तुझ्या भरवशावर आहे.

तुझी,
थर्झा


रेडिंग,
११ एप्रिल १९३२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी पोचलो. गाडीत बसल्यावर आठवलं की तुझ्याशी मी धड बोललोच नाही. चर्चमध्ये नाही, कथबर्टच्या कबरीपाशी नाही, चुलीपाशी नाही. तूही एक शब्द बोलली नाहीस. छापखान्याला कळवलंय. कोंबडा भिंतीवर आहे, काढवत नाही.

मंडळाला सांगितलं की तो शब्द माझ्याकडून काढून घ्या. तुला तो विचारल्याची लाज वाटते. दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझाच,
राल्फ


हेदरबर्न,
८ मे १९३२

चि. राल्फ यास,
अ. उ. आ.

राग तुझ्यावर नाही. बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर मनातलं बाहेर आलं असतं, आणि आत हे पडलेले होते. त्यांना अजून माहीत नाही.

त्या पहाटे कथबर्टला उशीर झाला. मी दारात गॅन कॅनी म्हटलं आणि तो पळाला. वळून पाहते तर भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली टेबलावर. तो अजून कोपऱ्यापर्यंतच गेला होता. हाक मारली असती तर माघारी आला असता. आणि माघारी आलेल्याचं खाली बरं होत नाही. मागे धावले असते तर पाठून येणारे दोघे-तिघे मला बघून घरी फिरले असते. म्हटलं, ईस्टर चार दिवसांवर आलंय, आता कशाला विषाची परीक्षा? खाली कुणीही घासातला घास देईल. मी दार लावून घेतलं. राल्फ, मी जपलं रे. इतकं जपलं.

छत कोसळलं तेव्हा त्याच्या बाजूला म्हातारे निकोलस हेडली तेवढे होते. ते जिवंत निघाले. काठी टेकत आले आणि सांगून गेले की त्यांच्या बाटलीतलं पाणी दोघांत होतं. पोराने ओठ तेवढे भिजवले आणि बाटली परत दिली. म्हणाला, कॅनी प्या, आजोबा, पुरवायचंय. दगड काढणारे पोचले त्याच्या आदल्या दिवशी तो गेला. आमची बाटली भरलेलीच होती. मी ती अजून रिकामी केलेली नाही.

लोक म्हणतात, पाण्याने वाचला नसता, हवाच वाईट होती. म्हणतात बिचारे. डॉक्टरांना मी विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघू लागले.

हे गेल्या आठवड्यात कामावर गेले. मी दारात उभी राहिले. गॅन कॅनी म्हटलं नाही. ते न वळता गेले. मग कथबर्टचा डबा आणि ती बाटली घेऊन मी रस्त्यावर उतरले, आणि आता रोज उतरते. कोपऱ्यापर्यंत जाते, उभी राहते. का, ते विचारू नकोस. सगळी पाळी माझ्यासमोरून जाते. मी बाई आहे, वाटेत आडवी आहे, त्यांनी घरी फिरायला हवं. एकही फिरत नाही. टोपी काढतात आणि एकेक जण हळूच मला म्हणतो, गॅन कॅनी.

तो शब्द मंडळाला परत दे. लिही, की हेदरबर्नमध्ये पुरुषही बाईला असं म्हणतात. त्याला उलट काय म्हणायचं, ते मला माहीत नाही. आपल्याकडे त्याला उत्तर द्यायची रीतच नाही. मी डबा घेऊन घरी येते.

माया पातळ होऊ देऊ नकोस. माझ्याजवळ आता जपायला तेवढीच आहे.

तुझी,
थर्झा