तोंडपाठ घरं

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. घाबरलेली मी आहे. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की गाडीचा आवाज येतो, मागे चार माणसं बोलत असतात आणि तू म्हणतेस, हं, बोल पटकन. हे पटकन बोलण्यासारखं नाही. सातवीत शाळा सुटल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाही. चुका असतील, सांभाळून घे. हे वाचून तू माझ्याशी बोलणंच टाकलंस तर काय, एवढी एकच भीती आहे. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच ना, दुसरं कोण आहे.

छकुली दहा महिन्यांची झाली. पलंगाला धरून उभी राहते, धपकन बसते आणि स्वतःच टाळ्या वाजवते. सासूबाई म्हणाल्या, मावशीवर गेलीय, पडली तरी टाळ्या घेते. सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगू? आत टोचलं. पोटात मी वाढवली, रडली की मी उठते, आणि गेली मात्र तुझ्यावर. तुला वाटेल काय हे वेड्यासारखं. पण ताई, हे टोचणं आजचं नाही.

बाबांचा तो खटारा टेम्पो आठवतो ना? तू चालवायचीस, मी मधे, बाबा मागे फ्लॉवरच्या पोत्यांवर. बाजारातला तो व्यापारी प्रत्येक पोत्याला वजन मारायचा आणि बाबा मान खाली घालून चिठ्ठी घ्यायचे. त्या दिवशी मीच तुझ्या कानात सांगितलं होतं, ताई, काल तापाचं औषध घ्यायला गेलीस तेव्हा दवाखान्यात तुझं वजन केलंय, तू काट्यावर उभी राहा. मला स्वतःला उभं राहायची लाज वाटली, एवढी माणसं बघत होती. तू चपला काढून चढलीस आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणालीस, "काल छप्पन्न किलो होते, आज बावन्न. एका दिवसात चार किलो कुठे गेले, तेवढं या मालकांनी सांगावं." लोक पोट धरून हसले. आठवड्यात काटा बदलला. तिथून तू बाजार समितीवर गेलीस, मग पंचायतीत, मग थेट विधानसभेत. शेतकऱ्याची पोरगी आमदार झाली. मी गावभर पेढे वाटले, ते खोटं नव्हतं.

भाषणात तू तो काट्याचा किस्सा सांगतेस. पहिल्यांदा सांगायचीस, मी आणि माझी धाकटी बहीण. मग ते नुसतं 'आम्ही' झालं. मागच्या वर्षी 'मी' झालं. मी समोर तिसऱ्या रांगेत बसले होते, सातवा महिना होता, खुर्ची लहान पडत होती. तू सांगत होतीस, मला सुचलं, मी चढले. शेजारची बाई मला म्हणाली, काय हुशार आहे हो तुमची बहीण. मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आणि मग ते घरांचं. दौऱ्याला निघालीस की तुझा फोन यायचा. अमक्या गावात कुठली कुठली घरं, कोणाकडे काय चाललंय? मी इकडे भांडी घासता घासता सांगायचे. पिठाच्या गिरणीवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा डोळा. पोस्टमनची सून माहेरी जाऊन बसलीय, तिचं नाव काढू नकोस. म्हाताऱ्या शिंपीणबाईंची शेळी मेलीय, हसण्यावारी नेऊ नकोस, तिला ती लेकरासारखी होती. पुढच्या सीटवर डायरीवाले काका स्पीकरवर ऐकून सगळं लिहून घ्यायचे आणि दाराशी गाडी थांबली की तुला हळूच वाचून दाखवायचे. मग तू आत जाऊन विचारायचीस, उजवा डोळा कसा आहे आता? माणसं विरघळून जायची. आमच्या ताईंना सगळ्यांची घरं तोंडपाठ आहेत, असं म्हणायची. माझा नवरा चिडवायचा, तू बिनपगारी आमदार आहेस म्हणून. त्याला वाटायचं मी खूश होईन.

माझी लोकांकडे ऊठबस आहे, लक्षात राहतं, एवढंच. त्यात मोठेपणा नाही. पण छकुली झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. माझे टाके ओले होते. मला वाटलं, आता विचारेल, दूध येतंय का, झोप लागते का. तू विचारलंस, गिरणीवाल्याचा कुठला डोळा गं? मी सांगितलं, उजवा. मग तू म्हणालीस, बरं, तू आराम कर. राज्यातल्या सगळ्या बाळंतिणींची चौकशी करणारी माझी बहीण, आणि माझ्या घराचं तुला कोणी सांगायला नव्हतं. कारण सांगणारी मीच.

आता सुताराच्या घराचं. हेच लिहायला बसलेय आणि इकडेतिकडे फिरतेय.

त्या सकाळी मी नळावर होते. तिथे कळलं की सुताराच्या बायकोचं बाळ गेलं. मुलगी होती, दोन दिवसांची. माझ्या हातातली घागर भरून वाहत राहिली. घरी येऊन छकुलीला छातीशी धरून बसले, तिला सोडवेना. तेवढ्यात तुझा फोन. स्पीकर चालू होता. तू गाडीतल्या कोणा पाहुण्याला हसत सांगत होतीस, "अहो, मला डायरी लागत नाही, आपल्याला घरं तोंडपाठ आहेत." मग मला म्हणालीस, हं, बोल पटकन. मी एकेक घर सांगत गेले. सुताराचं आलं. तू म्हणालीस, तिला दिवस होते ना गं, झाली असेल की आता? आणि ताई, मी म्हणाले, हो, मुलगी झाली. एवढंच. पुढचं माझ्या तोंडातून निघालं नाही. निघालं नाही म्हणजे मी काढलं नाही. मनात आलं, तोंडपाठ आहे ना, मग असू दे.

तू वाटेत झबलं घेतलंस. सुताराच्या दारात उभी राहून हसत म्हणालीस, कुठे आहे आमची नवी मतदार? समोरच्या गच्चीवरून कोणीतरी फोटो काढला. तू झबलं हातात धरून उभी आणि ती बाई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसलेली. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या फोनवर होता. विरोधी पक्षवाल्यांना तर आयतंच मिळालं. तुझ्या पक्षातले म्हणे तिकिटाचा पुन्हा विचार करतायत. त्या दिवसापासून छकुली शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावते. रोज तिच्या कपाळाला हात लावून बघते. वाटतं, दुसऱ्याच्या गेलेल्या लेकराचं मी जे केलं ते माझ्या लेकराला भोवणार. सासूबाई म्हणतात, एवढी कसली गं धास्ती घेतलीस? काय सांगू त्यांना?

त्याच संध्याकाळी तू फोन केलास, पहिल्यांदाच गाडी बंद होती. विचारलंस, "बाळ गेल्याचं तू सांगितलं होतंस ना? माझं लक्ष त्या पाहुण्याकडे होतं." तेव्हा मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो, सांगितलं होतं." मग तू म्हणालीस, काका आता थकले, लिहायचं राहून जातं त्यांचं.

तुला वाटत असेल मी आज हे का लिहितेय. काका आज सकाळी आमच्याकडे आलेत. तू त्यांना घरी बसवलंस हे मला त्यांच्याकडून कळलं. सोळा वर्षं तुझ्यामागे फिरलेला माणूस, टेम्पोच्या दिवसांपासूनचा. मला वाटलं ओरडतील, म्हणतील तू सांगितलंच नव्हतंस. ते म्हणाले, "पोरी, माझंच लिहायचं राहिलं असेल. रात्रंदिवस आठवतोय, आठवत नाही. तुझ्या बहिणीला एवढं सांग, मुद्दाम नाही केलं." माझ्यापुढे हात जोडले गं त्यांनी. ताई, त्यांनी बरोबर लिहिलं होतं. मी सांगितलं तेवढं लिहिलं होतं. खोटी मी आहे. त्यांना परत बोलाव, आणि ज्यांना सांगायचं त्यांना माझं नाव सांग, पक्षालाही सांग. पुढे मला फोन करायचा की नाही ते तू ठरव. नाही केलास तरी वरच्या वस्तीचं तेवढं सांगते, परवा तुझा दौरा आहे: हेडमास्तर आता ऐकू कमी येतं म्हणून चिडतात, मोठ्याने बोल पण ओरडू नकोस. सुताराकडे तू जाऊ नकोस. तिथे आधी मला जायचंय. छकुलीला इथेच ठेवून, एकटीला. काका बाहेर बाकावर चहा पितायत, छकुली त्यांच्या मांडीवर चष्मा ओढतेय. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांनी वाटेत वाचावं असं मी त्यांना सांगणार आहे, तुझ्या आधी त्यांचा हक्क आहे.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
धाकटी