डाव्या हातातल्या बांगड्या

९ जानेवारी १९४४, उत्तन
कमळी आजही शाळेत नाही. शाळा सुटल्यावर कोळीवाड्यात गेले. पोरगी बोंबील वाळत घालत होती, कडेवर धाकटा. तिची आई जानकी म्हणाली, "सरकारचं पैसं बंद झालं, बाई. ही शाळेत बसली तर खायाचं काय?"
जानकीचा नवरा काशिनाथ लढाईच्या बोटीवर खलाशी. बोट बुडाल्याला वर्ष होऊन गेले. प्रेत नाही, पत्ता नाही. बेपत्ता होता तोवर घरी पैसे येत. आता सरकारने त्याला मृत धरले. म्हणजे मुलांना भत्ता मिळेल, मोठी होईपर्यंत. पण विधवेने अर्ज करायला हवा. म्हटले, लगेच करू. जानकी उठून चुलीकडे गेली.

११ जाने.
अर्ज लिहिला. 'विधवा' शब्द वाचून दाखवला तशी जानकी उठून बाहेर गेली. दंडाला धरून परत बसवली. तिन्ही पोरांकडे बोट दाखवले. अर्ज रवाना.

२ फेब्रु.
ठाण्याहून कारकून चौकशीला. चावडीवर जानकी उभी. कारकुनाची नजर थेट तिच्या हातांवर. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा रिकामा.
"ही काय अर्धी विधवा आहे?"
पाटील खो खो हसले. मी सांगितले, इथल्या कोळणी उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला देतात, नवरा सुखरूप यावा म्हणून.
"असेल. पण डाव्या? एक तर नवरा जिवंत आहे, नाहीतर हिने दुसरा केलाय. दोन्हींत भत्ता बसत नाही."
पुढच्या महिन्यात ठाण्याचे साहेब स्वतः येणार. तोवर अर्ज अडकला. मूर्ख माणूस. पण शिक्का त्याच्याकडे.

३ फेब्रु.
जानकीला बोलावून स्पष्ट सांगितले, बांगड्या फोड.
"तो दर्यात हाय, बाई. मी फोडल्या तर त्याला कळंल."
खुळेपणा करू नकोस, म्हटले. पोरे उपाशी मरतील.
"तुमच्या कोनी फोडल्या?"
माझ्या सासूने. न्हाणीच्या दगडावर. नवरा गेला तेव्हा मी सोळाची. पुढे कॉलेजात याच चालीविरुद्ध सभेत बोलले होते, आणि आज मीच तिला
पुरे.

१७ फेब्रु.
संध्याकाळी कमळी पुस्तक परत द्यायला आली. हातांना मिठाने चिरा पडल्यात. "ठेव तुझ्याजवळ," म्हटले.
"नको बाई. आमच्या घरात भिजंल."
हुशार पोर. आणखी वर्षभर अशीच राहिली तर गेली हातची.

७ मार्च
साहेब आले. बांगड्या होत्या तशाच. मला वाटले होते, निदान आज पदराखाली हात घेईल. नाही. उलट पुढे धरून उभी.
"तुझा नवरा वारला, हे तुला मान्य आहे?"
"सरकारला मान्य हाय ना? मंग सरकारनं त्याची पोरं पोसावी. मला कशाला इचारता?"
साहेबांना हसू आले, ते त्यांनी आवरले. कारकून बांगड्या दाखवू लागला. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. ही विधवा आहे आणि हिने दुसरे लग्न केलेले नाही, असे लिहून देता? दिलेत तर मी मंजूर करतो."
जानकी माझ्याकडे बघत होती. मान हलवत होती, नको म्हणून.
लिहून दिले. खाली सही केली. वर पाहिले तोवर ती निघून गेली होती.

२४ मार्च
मंजुरी आली. तिन्ही मुलांची. पहिला हप्ता पोस्टात येऊन पडलाय. सांगायला धावत गेले, या वयात. जानकी पाठमोरी, टोपलीत मासळी भरत होती. दोनदा हाक मारली. वळली नाही. कमळीच पुढे आली.
"आईनं तुमच्याशी बोलायचं न्हाय सांगितलंय, बाई. आनि तुमच्या सहीचं ते पैसं आमी घेनार न्हाय."
पोस्टमास्तरांकडे चौकशी केली. पैसे काही दिवस थांबतील, मग ठाण्याला परत. अंगठा तिचाच लागतो. माझी सही चालत नाही.
उद्या पुन्हा जाणार. काय बोलायचे ते अजून