पितळी घागरीची बातमी

मुखेड, ४ मार्च
वाडीला जाऊन आलो. तीच, मुखेड आणि अहमदपूर तालुक्यांच्या मधे, दोघांच्याही ध्यानात नसलेली. विहिरीत खडा टाकला. माझी जुनी रीत: खडा सोडायचा आणि मनात अनुष्टुभाचा चरण म्हणायचा. दिवाळीत पाचव्या अक्षराला पाणी वाजलं होतं. आज आठवं अक्षर संपलं आणि टक्. खडकावर खडा. पाठशाळेत बारा वर्षं घासलेल्या संस्कृतचा हा एवढाच सार्वजनिक उपयोग.
टँकर नाही. तहसीलमधले म्हणाले, नवा जिल्हा होणार म्हणतात, वाडी तिकडं गेली तर तिकडचे बघतील. नवा जिल्हा अजून चहाच्या टपरीवरच आहे. वाडी मात्र आत्ताच तिकडं गेली.
हाताने लिहून बातमी पाठवली. सहा ओळी. 'विहीर कोरडी, टँकर नाही.'

७ मार्च
आली छापून. पान सहा, तळाशी, वधू-वर मेळाव्याच्या शेजारी. स्टँडसमोर मन्मथअप्पांची पेपरची एजन्सी. कपाळावर विभूती, आमचे अंक विकतात आणि वाचून नावंही ठेवतात. म्हणाले, "शास्त्री, तुमची बातमी लई सोवळी असती. कोणी शिवतच न्हाई."
तहसीलनेही शिवली नाही.

११ मार्च
लातूरला मीटिंग, सगळे वार्ताहर. नवी पद्धत. लिहायचं नाही, फोनवर बोलायचं. एआय बातमी तयार करणार, डेस्कवरची शैलजा नजर फिरवणार. शैलजा माझ्या मुलीच्या वयाची, हुशार. "सर, तुम्ही फक्त पाहिलेलं सांगा. शब्दांचं टेन्शन घेऊच नका." तीस वर्षं तेवढं एकच टेन्शन आवडीने घेत आलो, हे तिला काय सांगावं. कंधारच्या वार्ताहराने विचारलं, "चहा तरी आम्हीच प्यायचा ना?" हशा. संपादकसाहेब हसले नाहीत.

१९ मार्च
कबूल करायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय. सोयीचं आहे. स्टँडवर उभ्या उभ्या बोललो, बस जांबला पोचेपर्यंत बातमी तयार. आणि बरी. माझ्यापेक्षा बरी? पहिल्या वाक्यासाठी मी दोन पानं खायचो. त्याला पानाची गरज नाही.
वही आठ दिवसांत पिशवीबाहेर आलेली नाही.
ही म्हणते, "हल्ली फोनशीच एवढं सविस्तर बोलता. आमच्या वाट्याला नुसतं हूं."

२३ मार्च
पुन्हा वाडी. बायका रानातल्या एका बोअरवरून पाणी आणतात, तेही मालकाची मर्जी आणि लाइट यांची गाठ पडली तर. निघताना लिंबाखाली गाडी लावून फोनवर बोललो. सात-आठ मिनिटं. ऊन फार. फोन भरलाय म्हणून पाठवल्यावर आवाज पुसून टाकला.

२५ मार्च
पहिलं पान. माझ्या नावासकट.
'ऐंशीच्या घरातली आजी डोक्यावर पितळी घागर घेऊन तीन कोस अनवाणी चालते. रस्त्यात दोनदा बसते. घागर मात्र खाली ठेवत नाही. ठेवली तर पुन्हा उचलणार कोण?'
अप्पांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. "शास्त्री, आज लिवलाव बगा."
मी मान डोलावली. का डोलावली?
आजी कोण?

२६ मार्च
टँकर सुरू. सहा ओळी छापून आल्या त्याला एकोणीस दिवस उत्तर नव्हतं, आजीला एका दिवसात मिळालं. वाडीतून फोन, मागे बायकांचा गलका. आनंद झाला. नंतर जेवण गेलं नाही.

२८ मार्च
आठवून पाहतो आहे. लिंब आठवतो. बोअरचा काळा पाइप आठवतो. बोललेलं आठवत नाही. पूर्वी वहीत खरडताना चित्र डोक्यात ठसायचं, चार वर्षांनीही बायकांच्या लुगड्यांचे रंग सांगितले असते. २३ तारखेचं पान कोरं.
शैलजाला फोन केला. "आजी मी सांगितली का?"
"सर, तुमची बातमी आहे, तुम्हालाच माहीत."
"माझा आवाज असेल ना तिथं?"
"तीन दिवसांनी आपोआप पुसला जातो."
मी लगेच पुसतो, ते तीन दिवस थांबतं. माझ्यापेक्षा सोशिक.

३० मार्च
शै.चा स्वतःहून फोन. चाचरत बोलत होती. प्रत्येकाची लिहिण्याची ढब यावी म्हणून आमच्या सगळ्या जुन्या बातम्या त्या एआयला वाचायला दिल्यात म्हणे. "तुमच्या सगळ्यात जास्त होत्या, सर."
माळ्यावरची ट्रंक काढली. हिने पदर नाकाला लावला, "आता कुठली वही हरवली?" सापडली. मागच्या एका दुष्काळातली वही, कंधार तालुका. माझंच अक्षर: 'म्हातारी, पितळी घागर, अनवाणी. दोनदा बसली, घागर खाली ठेवली नाही. नाव विचारायचं राहिलं.' तेव्हा ते छापूनही आलं होतं.
म्हणजे आजी आहे. होती. दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या दुष्काळात. पाहिली मीच.
मग ही बातमी खोटी कुणाची? आणि लिंबाखाली उन्हात मलाच ती आठवली असेल, मीच बोलून गेलो असेन तर? हेही नाकारता येत नाही. तीच खरी पंचाईत.

२ एप्रिल
तहसीलमध्ये बोलावलं. शेजारच्या गावाची तक्रार: वाडीत असली म्हातारी नाही, बातमी बनावट, टँकर आम्हाला द्या. त्यांच्याही विहिरी आटल्यात, त्यांना दोष कसा देऊ. परवा नायब तहसीलदार वाडीवर चौकशीला जाणार. तोवर मी लेखी द्यायचं, स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते. बातमी बनावट ठरली तर वाडीच्या टँकरचा फेरविचार.
"विहीर कोरडी आहे ते तर खरं ना?" मी.
"ते तुम्ही आधीपण लिवलं होतं," कारकून म्हणाला. "त्यावर कुणाची तक्रार न्हाई."

३ एप्रिल
वाडी. टँकरभोवती निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या घागरी, ड्रम, एक मोठं पातेलं. पितळ कुठंच नाही. मी नुसतं विचारलं, "ती पेपरातली आजी कोण?" तर बायकांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. चौघी एकदम म्हणाल्या, "धुरपताबाई."
धुरपताबाई आल्या. काठी, कानात बुगड्या. काखेत पितळी घागर, चिंचेने लख्ख घासलेली. आत डोकावलो. कोळ्याचं जाळं.
"तुम्ही या घागरीने पाणी आणता?"
"हाव. तीन कोस."
बोअर अर्ध्या कोसावर आहे.
"रस्त्यात बसता?"
"दोनदा बसते. घागर खाली ठेवत न्हाई. ठेवली तर उचलंल कोन?" शब्दाला शब्द.
"कुणी वाचून दाखवलं?"
"वाचायला कामून पायजे? तुमीच तर इचारलं मला. त्या लिंबाखाली. फोनात बोलत होतात, घाम पुसत होतात. मला म्हनलात, मावशी, सावलीला बसा."
मावशीच म्हणतो मी. सगळ्यांना. घामही पुसला असेल. पेपरात यातलं काहीच नव्हतं.
निघताना त्यांनी माझा हात धरला. "शास्त्री, काय लिवायचं ते लिवा. पन टँकर जाऊ देऊ नका."
विहिरीत खडा टाकला. आठ अक्षरं, टक्. एवढ्याबाबत शंका नाही.

४ एप्रिल, सकाळ
साडेदहाला तहसीलची जीप अप्पांच्या दुकानापुढून निघणार, त्यांच्याबरोबर मी.
शै.चा फोन आला. "सर, जबाबाचा मसुदा पाठवते. दोन मिनिटं लागतील." पाठवलाच. निर्दोष आहे. 'मी प्रत्यक्ष पाहिले की' असं सुरू होतं आणि कुठंही अडखळत नाही. वाचता वाचता मलाही दिसायला लागलं. फोन उलटा ठेवला.
वही काढली. शाई सुकलेली, पेन झटकावं लागलं. पहिली ओळ झाली: 'विहीर कोरडी आहे. साहेबांनी स्वतः खडा टाकून पाहावा.' तीस वर्षांत लिहिलेलं सगळ्यात सरळ वाक्य.
दुसरी ओळ आजीची. दोन प्रकारे लिहिली, दोन्ही खोडल्या. 'पाहिली नाही' लिहिताना काल त्यांनी धरलेला हात आठवतो. 'पाहिली' लिहिताना जाळं.
अप्पांना विचारलं. म्हणाले, "मी पेपर विकतो शास्त्री, छापत न्हाई."
जीप आली. ओळ कोरी ठेवून वही पिशवीत टाकली, खिशात दोन खडे घेतले. धुरपताबाई वेशीपाशी उभ्या असतील, घागर काखेत. साहेब त्यांना विचारतील. त्या आधी माझ्याकडे बघतील.