म्हाताऱ्याचे कपडे

वाकोला, सांताक्रूझ
जानेवारी १९८५

प्रिय सुलक्षणाताई,

तुझं कार्ड मिळालं. कणकवलीला थंडी पडली, म्हशीला रेडी झाली, सगळं वाचलं. शेवटी लिहिलंयस, नवीन वर्ष आहे तर बाळा, एकच संकल्प कर, एक नोकरी धर आणि बाबांजवळ घरात राहा. ताई, संकल्प करायला माझं काय जातं? दर वर्षी करतोच. विडी सोडायचा केला तो वापीला, पण तिथल्या कारखान्याच्या वासापुढं विडीच बरी वाटायची. रात्रशाळेत नाव घालायचा केला, तेव्हा नेमका गोव्याला ट्रक निघाला आणि त्यांना क्लीनर हवा होता. ट्रकवाला सरदारजी झकास माणूस, वाटेत धाब्यावर स्वतः पोळ्या लाटायला बसायचा. असो, मी कुठल्या कुठे चाललो.

सांगत होतो ते बाबांचं. एक तारखेला काही ठरवावं असला माणूस नाही तो. पण आपल्या घरात संकल्प पाळला तो त्यांनीच. संप सुरू झाल्यापासून प्रत्येक डिसेंबरात मिलचा खाकी शर्ट-पँट धुवायचे, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे आणि दाराजवळच्या खिळ्याला लावायचे. यंदा मिल उघडतली, म्हणायचे. मिलमध्ये साचे चालवणारे शेजारी कोण वॉचमन झाले, कोण भाजी विकायला लागले. काशीरामकाका तर गावीच गेले. बाबा तेवढे इस्त्री करत राहिले. आई गेली त्या वर्षीसुद्धा केली.

थर्टी फर्स्टचा म्हातारा तुला आठवतो ना? पोरं पेंढा भरून, जुने कपडे घालून त्याला गल्लीच्या तोंडाशी खुर्चीत बसवतात, दिवसभर डबा वाजवून पैसे मागतात आणि बारा वाजता जुनं वर्ष म्हणून जाळतात. या वेळी मी घरी होतो, म्हणून गल्लीतल्या पास्कोलनं मलाही पेंढा भरायला बसवलं. मुंडकं झालं, हातपाय झाले, अंगात घालायला काही नाही. पास्कोल म्हणाला, "यार, नागडा म्हातारा जाळला तर फादर आम्हाला जाळेल." सगळे हसत होतो. तेवढ्यात बाबांनी हाक मारली. खिळ्यावरचे कपडे काढून घडी घालून ठेवले होते. म्हणाले, "ह्यां घे. त्या म्हाताऱ्याक घाल."

मी म्हटलं, "आणि मिल उघडली तर?"

"तुका म्हायत आसा मा? मग इचारतंस कित्याक?"

मी कपडे उचलले. नेऊन दिले. अगदी मापात बसले, ताई. कुणीतरी म्हाताऱ्याच्या तोंडात सिगरेट खोचली, गळ्यात पाटी अडकवली. संध्याकाळी बाबा दूध आणायला निघाले. म्हाताऱ्यासमोर थांबले. पोरं डबा वाजवायची थांबली. बाबांनी तोंडातली सिगरेट काढली, शर्टाचं वरचं बटण लावलं, कॉलर सरळ केली आणि दुधाला गेले. जाळताना ते आले नाहीत. मी होतो. पेंढा आधी पेटला, कपडे मागाहून. पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकमेकांना हॅपी न्यू इयर केलं. मलाही करावं लागलं.

तेव्हापासून बाबा मिलचं नाव काढत नाहीत. वाढलं तर जेवतात. गल्लीत आता कुणी संपाचं बोललं, तर उठून आत जातात. विमान डोक्यावरून गेलं की पूर्वी वर बघायचे, तेही बंद केलंय. बायका म्हणतात, बरं झालं, समजले एकदाचे. मला नाही तसं वाटत.

काल मी त्या रिकाम्या खिळ्याला माझा सदरा अडकवला. म्हटलं, बघून त्यांना बरं वाटेल, पोरगा राहतोय घरात. ते बराच वेळ बघत बसले. मग उठून सदरा काढला, माझ्या पिशवीवर ठेवला. "थंय नको लावू. तू जातलंस." रागावले नव्हते गं. पाऊस येणार म्हणावं, तसं म्हणाले.

म्हणून हे पत्र. भावोजींना विचार आणि ये, बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. ते नको म्हणतील, पण ऐकू नकोस. तू येईपर्यंत तरी मी इथंच असेन, असं एक वाक्य लिहायचं होतं. दोनदा पेन टेकवलं. तू लवकर ये.

तुझाच,
बाळा